नावं ठेवणारे आणि पत्ता बदलणारे

चऱ्होली फाट्यावरून गावाकडे वळलं की घरांच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. बहुतेकांवर ‘पुणे’ ठळक असतं, ‘विमानतळापासून काही मिनिटांवर’ त्याहून ठळक असतं आणि चऱ्होली कुठेतरी तळाशी. पिंपरी-चिंचवड हे नाव शोधूनही सापडत नाही. इमारतीला परवानगी देणारी महापालिका पिंपरी-चिंचवडची, मिळकतकर तिच्याकडेच भरायचा, कचरा तिचीच गाडी नेणार, पाण्यासाठी तिच्याच दारात उभं राहायचं. घर विकताना मात्र तिचं नाव चालत नाही.

का चालत नाही, ते या आठवड्यात स्पष्टच बोलू.

या शहराला नावं ठेवायची पद्धत जुनी आहे. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की पुणं संपलं, असं म्हणणारे आजही भेटतात. काय संपलं विचारलं तर यादी तयार असते: वाचन संपलं, नाटक संपलं, गाणं संपलं, बोलण्याची रीत संपली. पुलाच्या या बाजूला राहतात ते कामगार, पत्र्याच्या शेडवाले, भंगारवाले आणि जमिनी विकून गाड्या घेतलेले. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा चांगला आहे, पण राहायला भोसरीत’ हे वाक्य निघतं. त्या ‘पण’वर कितीतरी बैठका मोडल्या आहेत. या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक घराने हे कधी ना कधी ऐकलं आहे, आणि ऐकून गप्प बसलं आहे.

गप्प बसण्याचं काही कारण नव्हतं.

पिंपरीला नावं ठेवणाऱ्याने एक वर्ष लक्षात ठेवावं: 1954. त्या वर्षी इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सरकारी क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती आणि बनवायचं होतं पेनिसिलिन. ते तोवर परदेशातून यायचं, महाग पडायचं आणि वेळेवर मिळेल याची खात्री नसायची. न्यूमोनियाने तापलेलं पोर, बाळंतपणात जंतुसंसर्ग झालेली बाई, पिकलेली जखम घेऊन आलेला शेतकरी, या सगळ्यांसाठी पिंपरीत औषध तयार होऊ लागलं. ज्यांच्या घरातली माणसं त्या इंजेक्शनांनी वाचली, त्यांतल्या कितीजणांना ते कुठे बनलं हे ठाऊक असेल? पुढे हीच कंपनी आजारी पडली. कामगारांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. तेव्हा या शहरात संस्कृती नाही म्हणून हळहळणाऱ्यांपैकी फारसं कुणी त्यांच्यासाठी हळहळलं नाही.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या शेतांत भूखंडांचे दगड रोवले गेले. आकुर्डीत बजाज आली, 1966 मध्ये टेल्को. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी कारखान्याच्या माळावर झाडं लावली, तळं केलं. इथे तयार झालेले ट्रक देशभर धावले, आकुर्डीच्या स्कूटरवर कितीतरी मध्यमवर्गीय संसार उभे राहिले, आणि 1998 मध्ये भारतात घडवलेली इंडिका याच शहरातून बाहेर पडली. पेठेतला माणूस ऑफिसला ज्या स्कूटरवरून गेला, ती बनवणाऱ्यांच्या वस्तीला त्याने ‘कारखान्यांचा भाग’ म्हटलं. स्कूटर घेताना त्याला हा भाग खटकला नव्हता.

आपल्याला कुणी असं बोललं की आपलेही लोक लगेच एक यादी काढतात. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. चिंचवडचेच चापेकर बंधू, ज्यांनी 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या आणि फाशी गेले. एका अंगाला तुकोबांचं देहू, दुसऱ्या अंगाला माउलींची आळंदी. 2016 मध्ये पिंपरीत 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 2024 मध्ये शंभरावं नाट्य संमेलन. यादीतली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि तिचा मला आनंदच आहे. तरीही उत्तर म्हणून ही यादी पुढे करणं मला पटत नाही. देव, हुतात्मे आणि संमेलनाचे मांडव दाखवून मान मागायचा, म्हणजे कामाला मान नसतो हे आपणच आधी मान्य करायचं.

आपलं खरं उत्तर भोसरीच्या शेडमध्ये आहे. तिथे लेथवर उभा असलेला ऑपरेटर मायक्रोमीटर लावून माप घेतो. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो आणि या माणसाला दहा मायक्रॉनचा फरकही चालत नाही. जॉब बाद झाला तर शिफ्टचं काम वाया जातं. आठ तास उभं राहून, आवाजात, कूलंटच्या वासात, तो हे माप सांभाळतो. आयटीआयमधून आलेल्या पोराला टूलची धार ओळखायला शिकवतो. ड्रॉइंग वाचतो. मशीनचा आवाज बदलला की काय बिघडलंय ते सांगतो. इतकी बारीक नजर, इतका संयम आणि शिकवण्याची इतकी हौस जिथे आहे, तिथे संस्कृती नाही असं म्हणणाऱ्याने संस्कृती कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं. मी तर त्या ऑपरेटरला सुसंस्कृत माणूस म्हणतो आणि अशी लाखो माणसं इथे राहतात.

कारखान्यांच्या शहरांच्या वाट्याला हे सगळीकडेच येतं. इंग्लंडमधल्या स्लाव गावाशेजारी कारखान्यांची वसाहत वाढली, तेव्हा जॉन बेचमन या कवीने 1937 मध्ये त्या गावावर बॉम्ब पडावेत अशी कविता प्रसिद्ध केली. थोड्याच वर्षांत महायुद्धाचे बॉम्ब खरोखर पडू लागले. कवी मोठा झाला, राजकवी झाला. गावाच्या कपाळावर ती कविता कायमची बसली. 2006 मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच्या मुलीने गावाची माफी मागितली. माफी यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी नितीन गडकरींनी डोंबिवलीला घाणेरडं शहर म्हटलं आणि डोंबिवलीकर दुखावले. लिहिणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला एक वाक्य पुरतं, राहणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या वाहावं लागतं. म्हणून शहरावर शेरा मारणाऱ्याने निदान तिथे एक थर्ड शिफ्ट सुटताना पाहावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता गावाकडे येतो, कारण सगळ्यांत वाईट शेरे गावकऱ्यांच्या वाट्याला आले आहेत.

गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून पैसा आलेल्यांसाठी ‘गुंठामंत्री’ हा शब्द पुण्यात हसत हसत वापरला जातो. 2013 मध्ये भोसरीतल्या एका माणसाने सोन्याचा शर्ट करून घेतला. त्याचे फोटो जगभर गेले आणि त्या एका शर्टावरून साऱ्या पट्ट्याची परीक्षा झाली. पैसा आला, अक्कल आली नाही, असा निकाल लागला. निकाल देणाऱ्यांनी जमिनींचा इतिहास वाचला नव्हता. 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झालं. निगडी, आकुर्डी, वाकड, भोसरी, मोशी अशा गावांची जमीन संपादनात गेली. शेतकऱ्याला त्या काळच्या सरकारी दराने मोबदला मिळाला आणि त्याच जमिनीवर पुढे प्राधिकरणाचे नीटनेटके सेक्टर उभे राहिले. साडेबारा टक्के जमिनीचा परतावा द्यायचा, हा प्रश्न इतका रेंगाळला की जमीन देणाऱ्यांची नातवंडं कागद घेऊन फिरली. 2021 मध्ये प्राधिकरणच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं, कागद घेऊन फिरणं संपलं नाही. एकाच्या अंगावर सोनं दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या हातात काहीच उरलं नाही, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

चऱ्होली 1997 मध्ये महापालिकेत आली. एकूण अठरा गावं तेव्हा हद्दीत घेतली गेली. 1991 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती. 2011 मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली. हद्द वाढली, माणसंही वाढली, वीस वर्षांत शहर तिपटीहून मोठं झालं. वाघेश्वराच्या यात्रेला जमणारा गाव आणि सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमणारा गाव आता एकाच रस्त्याने ये-जा करतात. अशा ठिकाणी रस्ते उकरलेले दिसणार, ड्रेनेज मागे पडलेलं दिसणार, सकाळी ट्रॅक्टर आणि कंपनीची बस एकमेकांना अडवणार. 2025 मध्ये चऱ्होली आणि चिखलीसाठी नगररचना योजना जाहीर झाली, गावकरी रस्त्यावर उतरले आणि ती मागे घ्यावी लागली. विकासाला विरोध करणारे अडाणी, असा शेरा तेव्हाही आला. प्राधिकरणाचा अनुभव शेजारच्या गावांत पाहिलेल्या माणसाने आपली जमीन देताना चार प्रश्न विचारले तर तो अडाणी कसा? तो या शहरातला सगळ्यांत अनुभवी नागरिक आहे.

एवढं बोलून थांबलो तर हे सदर गावच्या सत्काराचं भाषण होईल. म्हणून आता आपल्याकडे वळतो.

इंद्रायणी लोणावळ्याकडून येते. देहू, तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव करत आळंदीला पोहोचते. आळंदीनंतर चऱ्होली, आणि पुढे तुळापूरला ती भीमेला मिळते. म्हणजे वरच्या सगळ्यांचं पाणी आमच्या दारावरून जातं. आळंदीच्या बंधाऱ्याखाली पांढरा फेस उठतो, तो आता देशाला माहीत आहे. घरांतल्या सांडपाण्यातला साबण आणि डिटर्जंट, प्रक्रिया न होता सोडलेलं मैला-पाणी आणि कारखान्यांची रसायनं एकत्र होतात. बंधाऱ्यावरून पाणी पडताना त्यात हवा मिसळते आणि फेस तयार होतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते, दुसऱ्या दिवशी चऱ्होलीच्या थोरल्या पादुकांपाशी आरती होते. त्या सोहळ्यासाठी आलेली म्हातारी माणसं या पाण्यात उतरतात. फेस बाजूला सारून डोक्यावर पाणी घेतात.

या फेसाचा व्हिडिओ कुणी काढला की आपल्यातले काही जण त्याच्यावरच तुटून पडतात. शहराची बदनामी करतो म्हणतात. बदनामी नदीत सोडणाऱ्याने केली आहे. कॅमेरा धरणाऱ्याने ती दाखवली. ज्याने रात्री टँकर ओढ्यात रिकामा केला, तो आपल्याच गावातला आहे, आपल्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात त्याचं नाव आहे आणि गणपतीच्या मांडवात त्याचा फोटो आहे. त्याला कुणी बदनामी करणारा म्हणत नाही. हा अभिमान मला मान्य नाही.

कारखानदारांतही सगळे सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. प्लेटिंगचं छोटं युनिट चालवणाऱ्याला स्वतःचं प्रक्रिया केंद्र उभारणं परवडत नाही. म्हणून सगळ्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवं, अशी मागणी लघुउद्योजक वर्षानुवर्षं करत आले. एमआयडीसी, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात ती मागणी फिरत राहिली आणि पाणी नदीत जात राहिलं. मागणी करणाऱ्याला दोष देऊन आणि ती फिरवणाऱ्यांना मोकळं सोडून नदी स्वच्छ होणार नाही.

जुलै 2025 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल आले. दहा लाखांवरच्या शहरांत पिंपरी-चिंचवड देशात सातवं, पुणे आठवं. आपल्याकडे आनंद झाला, व्हायलाच हवा. तो क्रमांक पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या बायकांनी आणि घंटागाडीवरच्या पोरांनी कमावला आहे. पण तो क्रमांक खरा आहे तसा नदीवरचा फेसही खरा आहे. पहिल्याचा फलक लावणाऱ्या अधिकाऱ्याने दुसऱ्याचंही उत्तर द्यावं.

त्याच वर्षी मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले पाडले गेले. बाहेरचे म्हणाले, यांना नदीतही घर हवं असतं. घेणाऱ्याची चूक असेल, त्याची आयुष्याची कमाई त्या ढिगाऱ्यात गेली. पण पूररेषेत प्लॉट पाडून विकणारे, भिंती वर येताना रोज तिथून जाणारे आणि काहीही न बोलणारे कुठे गेले? त्यांची ना कमाई गेली, ना झोप.

पाण्याचंही असंच. ही आशियातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका असं वर्षानुवर्षं अभिमानाने सांगितलं गेलं. जकातीच्या काळात तिजोरीत भर पडत होती हे खरंच आहे. त्या श्रीमंत शहरात नोव्हेंबर 2019 पासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून आणायची योजना आली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघं शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती. आपल्या नळासाठी ती माणसं गेली. या शहराचा अभिमान सांगणाऱ्या भाषणांत त्यांचा उल्लेख मी ऐकलेला नाही. मावळच्या माणसाच्या दृष्टीने बाहेरून येऊन त्याच्या धरणावर हक्क सांगणारे आपण आहोत. पुण्याने आपल्याला कमी लेखलं याचं दुःख आपल्याला आहे, तर मावळाचं दुःखही आपल्याला कळायला हवं.

आणि आपल्या दारातला माणूस? या शहरातले बहुतेक लोक कुठून तरी आले आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात आली. टेल्को-बजाजच्या काळात सातारा, सांगली, सोलापूरची पोरं आली. मग लातूर, बीड, धाराशिव, जळगाव, बुलढाणा. मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा. प्रत्येक आधी आलेल्याने नंतर आलेल्याला बाहेरचा म्हटलं. ज्या पुण्याने आपल्याला ‘नदीपलीकडचे’ म्हटलं त्याच सुरात आपण मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलतो. त्याला भाड्याने खोली देताना नाक मुरडतो आणि भाडं मात्र एका खोलीचं सहा जणांकडून घेतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीतल्या कुदळवाडीची भंगार दुकानं आणि शेड महापालिकेने पाडली. तिथल्या आगींचा, धुराचा, ओढ्यात जाणाऱ्या रसायनांचा त्रास खरा होता. कारवाई व्हायला नको होती असं मी म्हणत नाही. पण ती शेड एका रात्रीत उभी राहिली नव्हती. जागा भाड्याने कुणी दिली, वीज कुणी जोडली, वर्षानुवर्षं भाडं कुणी खाल्लं, याची उत्तरं स्थानिकांच्याच घरांत आहेत. बुलडोझर फिरला तेव्हा शिव्या मात्र बाहेरून आलेल्या भाडेकरूला पडल्या. बाहेरच्यांच्या शेऱ्यांनी चिडणाऱ्या शहराला हे शोभत नाही.

सगळ्यांत मोठी गोष्ट मी आतापर्यंत मागे ठेवली होती, कारण ती कोणत्याच शेऱ्यात येत नाही. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात पॉवर प्रेसखाली बोटं गमावलेली माणसं आहेत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशा अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल 2019 पासून काढते आहे. मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत हेल्मेट, बूट, पिवळ्या रेषा सगळं असतं. त्याच कंपनीला सुटे भाग देणाऱ्या छोट्या शेडमध्ये सेन्सर काढून प्रेस चालवतात, कारण उत्पादन वाढतं. कंत्राटी पोरगा तीन महिन्यांपूर्वी गावाहून आलेला असतो, त्याला कुणी धड शिकवलेलं नसतं. डिसेंबर 2023 मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायका जळून गेल्या. त्यांच्या मजुरीवर घरं चालत होती. शहराला कुरूप म्हणणाऱ्यांनी या शेडकडे बोट दाखवलं असतं तर मी त्यांचे आभार मानले असते. त्यांना ट्रॅफिक दिसला, धूळ दिसली, सोन्याचा शर्ट दिसला. हे दिसलं नाही. आणि आपल्यालाही ते दिसलं नाही, ही त्याहून वाईट गोष्ट आहे.

या शहराचा आवाज उमटत नाही, याला राजकीय कारणंही आहेत. पंचवीस-तीस लाखांचं म्हणवणाऱ्या या शहराला स्वतःचा एक खासदार नाही. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभेत आहेत आणि ते मावळ घाट उतरून पनवेल-उरणपर्यंत पसरलं आहे. भोसरी, आणि भोसरीसोबत आमची चऱ्होली, शिरूर लोकसभेत. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. या काळात पुलांच्या कामांच्या तारखा, नदी सुधार प्रकल्पाचा खर्च, पाण्याच्या पाळ्या, कशावरही सभागृहात चर्चा झाली नाही. लोकांनी निवडलेलं कुणी नसताना ठरलेल्या गोष्टींची चर्चा आता व्हायला हवी. ती मागायला आपणच जायला हवं.

म्हणून चऱ्होलीतल्या, मोशीतल्या, भोसरीतल्या, चाकणच्या वाटेवरच्या प्रत्येक वाचकाला माझं सांगणं आहे. कुणी शहराला नावं ठेवली तर चिडण्यात वेळ घालवू नका. तो खोटं बोलत असेल तर पेनिसिलिनचं वर्ष सांगा, लेथवरच्या माणसाचं माप सांगा. तो खरं बोलत असेल तर त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या जनसंवाद सभेत जाऊन वाचा. मैलाशुद्धीकरण केंद्रात किती पाणी येतं आणि किती शुद्ध होऊन बाहेर पडतं, ते विचारा. आपल्या प्रभागातला कोणता नाला थेट इंद्रायणीत जातो, ते विचारा. ज्या शेडमध्ये तुमच्या गल्लीतली पोरं कामाला जातात, तिथे सुरक्षेची शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारा. उत्तर लेखी मागा, आणि मिळालं नाही तर पुढच्या सभेला शेजाऱ्याला बरोबर घेऊन जा. ज्या शहराचे लोक असे प्रश्न विचारतात, त्या शहराला बाहेरच्या कुणाच्या प्रमाणपत्राची गरज पडत नाही.